तुरुंगाच्या कुलुपावरून मत ठरवू नका : खासदारांना खुलं पत्र

माननीय खासदार,

हे पत्र लोकसभा आणि राज्यसभेतल्या तुम्हा सगळ्यांना आहे, पण मी महाराष्ट्राची मतदार आहे म्हणून इथून दिल्लीला गेलेल्या लोकसभेच्या ४८ आणि राज्यसभेच्या १९ जणांनी ते आधी वाचावं असं मला वाटतं. विषय लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ६२ मधल्या पोटकलम ५ चा आहे. हे कलम सांगतं की जो माणूस तुरुंगात आहे, मग शिक्षा लागून असो, काळ्या पाण्याच्या शिक्षेवर असो (ती शिक्षा १९५५ मध्येच रद्द झाली, कलमात अजून आहे) किंवा आणखी कशामुळे आत असो, नाहीतर पोलिसांच्या कस्टडीत असो, त्याला कुठल्याच निवडणुकीत मत देता येणार नाही. गुन्हा सिद्ध झालाय का, केस सुरू तरी झालीय का, यातलं काहीच विचारलं जात नाही. माणूस आत आहे एवढं पुरतं.

मला हे कलम माहीत असायचं काही कारण नव्हतं. माझ्या धाकट्या भावाला एका मारामारीच्या केसमध्ये अटक झाली आणि तेव्हापासून आमचं अख्खं घर कायदा शिकतंय. आधी पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, मग एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, मग चार्जशीट, मग तारखा, आणि तारखेला कोर्टात जाऊन बसलं की कळतं आज आणायला पोलीस पार्टीच मिळाली नाही, पुढची तारीख घ्या. २०२४ च्या लोकसभेला तो आत होता. नोव्हेंबरात विधानसभा झाली तेव्हाही आत होता, आणि तेव्हा तर त्याला जामीन मंजूर झालेला होता, ऑर्डर आमच्या हातात होती. पण कोर्टाने जामीनदार मागितला होता, सॉल्व्हन्सीवाला म्हणजे ऐपतीचा दाखला असलेला, आणि तसा माणूस आमच्याकडे नव्हता. आम्ही भाड्याच्या घरात राहतो, नावावर सातबारा नाही, ज्यांच्या नावावर आहे त्या नातेवाइकांनी फोन उचलायचं बंद केलं. त्याच एफआयआरमधला दुसरा मुलगा, तीच कलमं, त्याच्या काकांनी जामीन दिला, तो कधीच बाहेर आला होता आणि २० नोव्हेंबरला रांगेत उभा राहून मत देऊन आला. त्याने दिलं ते बरोबरच केलं, त्याचा हक्क आहे तो. माझा प्रश्न एवढाच आहे की माझ्या भावाचा हक्क त्या दिवशी कुठे गेला होता.

मतदानाच्या आठवड्यात बीएलओ, म्हणजे आमच्या भागाची मतदार यादी बघणाऱ्या बाई, घरी व्होटर स्लिपा द्यायला आल्या. चार स्लिपा होत्या आणि त्यात भावाची पण होती, नाव, यादीतला अनुक्रमांक, शाळेचा खोली नंबर, सगळं छापलेलं. आईने ती स्लिप हातात घेऊन त्यांना विचारलं की हा आत आहे, त्याच्यासाठी तिकडे मशीन नेतात का. त्या म्हणाल्या, मावशी, आम्हाला असलं काही सांगितलेलं नाही. आईने ती स्लिप पुढच्या मुलाखतीला, म्हणजे भावाला भेटायला गेली तेव्हा, जेलच्या गेटपर्यंत नेली, तिला वाटलं आत कुणीतरी साहेब असेल तो बघेल. गेटवरच्या शिपायाने नीट समजावून परत दिली, तो काही वाईट बोलला नाही, पण त्याच्या तरी हातात काय होतं.

नंतर वाचल्यावर मला कळलं की ती स्लिप चुकून आलेली नव्हती. २०१३ मध्ये तुम्हीच कायद्यात घातलंय की आत असलेल्या माणसाला मत देता येत नसलं तरी मतदार यादीतलं त्याचं नाव जाणार नाही, तो मतदार राहील. म्हणजे तो मतदार आहे, टक्केवारी काढताना एकूण मतदारांत मोजला जातो, टक्केवारी घसरली की लोक मतदानाला उतरत नाहीत म्हणून जी ओरड होते त्यातही तो येतो, फक्त मत द्यायचं नाही.

आणि हे २०१३ मध्ये का घातलं तेही सांगते, कारण माझी सगळ्यात मोठी तक्रार तीच आहे. जुलै २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाटणा हायकोर्टाचा निकाल कायम केला. तो निकाल असा होता की जो आत असल्यामुळे मत देऊ शकत नाही तो निवडणुकीला उभाही राहू शकत नाही. हे ऐकल्यावर संसदेने त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात कायदा बदलला आणि यादीत नाव राहतं म्हणून आतून उभं राहता येतं असं करून टाकलं. उमेदवाराची अडचण एका अधिवेशनात सुटली. मतदाराची तशीच राहिली, तेव्हा ते कलम तुमच्यासमोर उघडलेलं होतं तरी. २०२४ मध्ये बारामुल्लातून इंजिनिअर रशीद तिहार जेलमधून लोकसभेवर निवडून आले, शपथेसाठी त्यांना कस्टडी पॅरोल मिळाला, म्हणजे पोलिसांच्या पहाऱ्यात तेवढ्यापुरतं बाहेर आणलं. १९७७ मध्ये जॉर्ज फर्नांडिस जेलमध्ये असतानाच मुझफ्फरपूरमधून निवडून आले होते. माझा याला विरोध नाही, लोकांनी निवडलंय, आणि गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष हे तत्त्व मला मान्य आहे. पण जो माणूस जेलमधून देशाचा खासदार होऊ शकतो तो तिथूनच स्वतःच्या खासदारासाठी मत देऊ शकत नाही, याचं कारण मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

हेच तत्त्व तुमच्यापैकी कितीतरी जणांना लागू आहे. एडीआर या निवडणुकांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने उमेदवारांच्या शपथपत्रांवरून काढलेल्या आकड्यांप्रमाणे २०२४ ला निवडून आलेल्या ५४३ पैकी २५१ खासदारांनी स्वतःवर गुन्हे दाखल असल्याचं जाहीर केलंय. ते सभागृहात बसतात, विधेयकांवर मत देतात, शिक्षा लागेपर्यंत त्यांचं सदस्यत्व जात नाही. योग्य आहे, नुसत्या एफआयआरवरून कुणाचं पद जाऊ नये. मग नुसत्या एफआयआरवरून माझ्या भावाचं मत का जातं?

आणि हा एकट्या माझ्या भावाचा प्रश्न नाही. एनसीआरबी म्हणजे गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या ब्युरोच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते, त्यातले ४,३४,३०२ म्हणजे ७५.८ टक्के कच्चे कैदी, केस चालू असलेले किंवा सुरू व्हायची वाट बघणारे. शंभरातल्या पंचाहत्तर जणांबद्दल कोर्टाने अजून काहीही म्हटलेलं नाही, तरी जवळपास शंभरही जणांचं मत बंद. ११ हजारांवर लोक तर पाच वर्षांपेक्षा जास्त काळ असेच होते, म्हणजे लोकसभेची एक अख्खी टर्म आली आणि गेली. त्यातले काही उद्या निर्दोष सुटतील. गेलेली निवडणूक त्यांना परत कोण देणार? पगार बुडला तर निदान आकडा सांगता येतो, मत बुडलं तर मागायचं कुणाकडे आणि काय म्हणून?

आत कोण आहेत हेही बघा. कच्च्या कैद्यांपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास लोक अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी आहेत. मुलाखतीच्या रांगेत ज्या बायका उभ्या असतात त्यांच्याशी बोललं की आकडा लागतच नाही, कुणी धुणीभांडी सोडून आलेली असते, कुणी तान्हं पोर घेऊन पहाटेच्या एसटीने आलेली असते आणि बहुतेकींचं दुखणं एकच, जामीन झालाय पण जामीनदार नाही. सरकारलाही हे माहीत आहे. २०२३ मध्ये केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदत. म्हणजे पैसे नाहीत म्हणून लोक आत राहतात हे सरकारने कागदावर मान्य केलंय. मग पैसे नाहीत म्हणून त्यांचं मतही जातं हेसुद्धा मान्य करा ना. मत गरीब-श्रीमंत बघत नाही, एकाचं एकच, हे आम्हाला शाळेत शिकवलं. इथे ते जामीनदारावर अवलंबून आहे.

आता एक गोष्ट सांगते जी मला स्वतःला पहिल्यांदा कळली तेव्हा पटेना. स्थानबद्ध केलेल्या माणसाला मत देता येतं. राष्ट्रीय सुरक्षा कायदा (एनएसए) असेल नाहीतर आपल्याकडचा झोपडपट्टी दादांना वगैरे स्थानबद्ध करायचा एमपीडीए कायदा, ज्याच्यावर खटलाही चालवायचा नाही, नुसतं बाहेर राहिला तर धोका म्हणून आत ठेवलाय, त्याला कलम ६२(५) मधूनच सूट आहे. तो पोस्टल बॅलटने, म्हणजे टपाली मतपत्रिकेने मत देतो. १९६१ च्या निवडणूक नियमांत त्याची पद्धतही लिहिलेली आहे, निवडणूक लागली की १५ दिवसांत सरकारने अशा लोकांची नावं, यादीतले नंबर आणि कुठल्या जेलमध्ये आहेत ते निवडणूक अधिकाऱ्याला कळवायचं, मग मतपत्रिका तिथे जाते. एकाच जेलमध्ये एमपीडीएवाल्यासाठी मतपत्रिका गेटमधून आत येऊ शकते आणि शेजारच्या बॅरेकमधल्या मोबाईल चोरीच्या आरोपीसाठी येऊ शकत नाही. सूट काढून घ्या असं मी म्हणत नाहीये. तोच रस्ता बाकीच्यांना उघडा म्हणतेय.

१९९७ मध्ये अनुकूल चंद्र प्रधान केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे कलम योग्य ठरवलं हे मला माहीत आहे, आणि कोर्टाचा मान ठेवूनच लिहितेय. कोर्टाने दिलेली कारणं साधारण अशी होती : माणूस स्वतःच्या वागण्यामुळे आत आहे त्यामुळे बाहेरच्यासारखी मोकळीक मागू शकत नाही, सगळ्या कैद्यांच्या मतदानाला खूप पोलीस आणि यंत्रणा लागेल, आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या लोकांना निवडणुकीपासून लांब ठेवायचंय. स्वतःच्या वागण्यामुळे हे कारण शिक्षा लागलेल्यांपुरतं समजू शकते, कच्च्या कैद्याला कसं लावायचं, त्याचं वागणं काय होतं तेच तर ठरायचंय. गुन्हेगारांना लांब ठेवायचं कारण २०१३ नंतर उरतच नाही, कारण उमेदवारीचं दार तुम्ही स्वतः उघडं ठेवलंय.

राहिली यंत्रणा. १९९७ ची गोष्ट वेगळी असेल, आता २०२४ च्या लोकसभेला देशात १० लाखांवर मतदान केंद्रं होती. ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्क्यांवर अपंगत्व असलेल्या मतदारांच्या घरी टीम गेल्या, अधिकारी, व्हिडिओग्राफर, पोलीस सगळे, आणि आजी-आजोबांनी पलंगावर बसून मत दिलं. गीरच्या जंगलात एका मतदारासाठी केंद्र लावतात, त्याच्या बातम्या दर निवडणुकीला येतात आणि त्या वाचताना मला खरंच अभिमान वाटतो. सैनिकांना मतपत्रिका ऑनलाइन पाठवून प्रिंट काढून दिली जाते. २०२२ च्या त्याच अहवालात देशात तुरुंग होते १,३३०. एका मतदारासाठी जंगलात जाणाऱ्या आयोगाला १,३३० पत्ते जड आहेत का? आणि इथल्या मतदारांना शोधायलाही लागत नाही, दिवसातून कितीदा तरी त्यांची गिनती होते.

कुणी म्हणेल आतले दादा लोक बाकीच्यांना धमकावून मतं घेतील. ही भीती खोटी नाही, आतली दादागिरी मी भावाकडून ऐकलेली आहे. पण धमकी बाहेर होत नाही का, वस्तीत, शेतावर, कारखान्यात होत नाही का? तिथे आपण मत काढून घेत नाही, बंदोबस्त वाढवतो. जेलमध्येही बाहेरचे अधिकारी आणा, एका वेळी एकच माणूस खोलीत, जेलचा स्टाफ दाराबाहेर, निरीक्षक हजर. उलट एवढी कडक नजर ठेवता येईल अशी दुसरी जागा नसेल.

आता शिक्षा लागलेल्यांबद्दल. इथे माझ्याशी पुष्कळ लोक सहमत होणार नाहीत, माझ्या घरातलेही होत नाहीत, तरी लिहिते. राज्यघटनेच्या कलम ३२६ मध्ये गुन्ह्याच्या कारणावरून मताधिकार काढता येतो हे खरंय. पण कलम ६२(५) गुन्हा बघतच नाही. खुनात जन्मठेप झालेला माणूस अपिलात जामिनावर बाहेर असेल तर मत देतो, आणि दंड भरायला पैसे नाहीत म्हणून महिनाभर आत गेलेला माणूस मतदानाचा दिवस त्या महिन्यात आला तर देऊ शकत नाही. याला गुन्ह्याची शिक्षा म्हणता येत नाही, हा तारखेचा योगायोग झाला. ज्यांनी निवडणुकीतच लाच दिली, दमदाटी केली त्यांच्यासाठी त्याच कायद्यात कलम ११ए आहे, सहा वर्षं मतदानाला अपात्र, बाहेर असले तरी. ते मला पटतं, कारण तिथे गुन्हा आणि मत यांचा संबंध आहे. बाकीच्यांना कोर्टाने सांगितलेली शिक्षा ते भोगतायत ना, मोकळीक गेली, घर सुटलं. कुठल्याच जजने निकालात लिहिलेलं नसताना वरून मतही का काढायचं?

साउथ आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने १९९९ मध्ये कैद्यांच्या मतदानाची सोय करा असा आदेश दिला. २००२ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा असलेल्यांवरची बंदी रद्द केली. अमेरिकेतल्या मेन आणि व्हरमाँट राज्यांत शिक्षा भोगणारे कैदीसुद्धा मत देतात. शेजारी पाकिस्तानच्या २०१७ च्या निवडणूक कायद्यात तुरुंगातल्या मतदाराला पोस्टल बॅलट मागता येतो. यातल्या कुठल्याही ठिकाणची लोकशाही त्यामुळे बुडालेली नाही.

मला आतून तुटतं ते वेगळ्याच गोष्टीने. निकालाच्या दिवशी भावाच्या बॅरेकमध्ये टीव्ही लावला होता, सगळे दिवसभर त्याच्यासमोर बसून, कुणाची सीट गेली, कोण किती मतांनी पुढे, बाहेरच्यांपेक्षा जास्त चर्चा. पुढच्या मुलाखतीला काचेच्या पलीकडून फोनवर तो मला पहिलं विचारतो काय, तर आपल्या भागात किती टक्के झालं. स्वतःला कुणी विचारलेलं नाही तरी त्याला देशाची पडलेली आहे. आणि ज्या गोष्टी त्याच्या रोजच्या आयुष्यावर येतात, जामिनाचे नियम, सरकारी वकिलांची संख्या, कोर्टातल्या रिकाम्या जागा, २०२२ मध्ये १३१ टक्के भरलेल्या जेलमध्ये झोपायला किती जागा, त्यातल्या बऱ्याचशा तुमच्यासारखे निवडून आलेलेच ठरवतात. तुमच्यापैकी कुणाच्याही जाहीरनाम्यात मी या गोष्टी वाचलेल्या नाहीत, आणि कशाला असतील, आतून एकही मत येत नाही. जून २०२२ मध्ये राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत नवाब मलिक आणि अनिल देशमुख यांना आतून मतदानाला सोडलं नाही तेव्हा हेच कलम टीव्हीवर दिवसरात्र चाललं होतं, कारण तेव्हा दोन मतांनी फरक पडणार होता. निवडणूक झाली, चर्चा संपली. तेव्हा जो अन्याय वाटला तो सव्वाचार लाखांवर कच्च्या कैद्यांच्या बाबतीत का वाटू नये?

माझा भाऊ आता जामिनावर बाहेर आहे, तो जिथे कामाला होता त्या मालकांनीच शेवटी जामीन दिला. केस तीच, कलमं तीच, एकही साक्षीदार अजून तपासलेला नाही. पण पुढच्या निवडणुकीला तो मत देऊ शकेल. त्याच्याबद्दल कोर्टाला काल जेवढं माहीत होतं तेवढंच आज माहीत आहे, बदललाय तो फक्त पत्ता. म्हणून हे पत्र आता त्याच्यासाठी राहिलेलं नाही, त्या रांगेतल्या बायकांच्या मुलांसाठी आहे.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

एक, कलम ६२(५) मध्ये दुरुस्ती करून कच्च्या कैद्यांना आणि पोलीस कस्टडीतल्या लोकांना मताधिकार द्या. सरकार विधेयक आणत नसेल तर तुमच्यापैकी कुणीही खासगी विधेयक मांडू शकतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने या कलमाविरुद्धच्या याचिकेवर नोटीस काढली होती, कोर्ट काय ठरवायचं ते ठरवेल, पण कलम संसदेने केलंय आणि बदलायला कोर्टाची वाट बघायची गरज नाही.

दोन, शिक्षा झालेल्यांवरची सरसकट बंदी काढा. कुठल्या गुन्ह्यासाठी मत जाणार ते कायद्यात नावानिशी लिहा, किती वर्षांसाठी ते लिहा, आणि ते जजने निकालातच सांगावं म्हणजे माणसाला अपील करता येईल.

तीन, स्थानबद्धांसाठी जी पोस्टल बॅलटची पद्धत नियमांत आहे तीच सगळ्या कैद्यांना लागू करा. मत ज्याच्या त्याच्या घरच्या मतदारसंघात मोजलं जावं, जेल जिथे आहे तिथे नाही, म्हणजे कुठल्या एका मतदारसंघावर त्याचा भार येणार नाही.

चार, हे होईपर्यंत निदान एवढं करा : ज्यांचा जामीन मंजूर झालाय पण जामीनदाराअभावी आत आहेत अशांची यादी निवडणूक जाहीर झाल्याबरोबर प्रत्येक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने काढावी आणि मतदानाच्या दिवसाआधी त्यांना पर्सनल बाँडवर, म्हणजे जामीनदार न मागता, सोडण्यासाठी कोर्टात अर्ज करावेत. यासाठी कायदा बदलायला लागत नाही. आणि आत असताना १८ वर्षं पूर्ण झालेल्यांची नावनोंदणी जेलमध्येच व्हावी.

महाराष्ट्रातल्या ६७ खासदारांपैकी जे यातल्या एका जरी मागणीवर सभागृहात बोलतील किंवा लेखी प्रश्न विचारतील त्यांनी तारीख कळवावी, मी ते भाषण मुलाखतीच्या रांगेतल्या सगळ्या बायकांपर्यंत पोचवीन. आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी का पटत नाही ते लिहून कळवावं, तेही मी तसंच पोचवीन.

आपली,
महाराष्ट्रातली एक मतदार
(केस चालू आहे म्हणून नाव देत नाहीये)